येवल्याच्या माळावरचे काळवीट उपाशी आहे की नुसते उन्हाळ्याने उतरले आहे? : प्रकृती आणि पोषण तपासण्याची पद्धत

एप्रिल उजाडला की नाशिक जिल्ह्याच्या येवला तालुक्यातल्या राजापूर, ममदापूर, देवदरी, खरवंडी या पट्ट्यातून एकच सूर ऐकू येतो : "हरणं पार वाळली, काहीतरी खायला टाका." कळवळा खरा असतो. पण रस्त्यावरून दिसलेले एक हाडकुळे जनावर म्हणजे उपाशी कळप नव्हे. आणि गुटगुटीत दिसणारा नर म्हणजे सगळे आलबेल, असेही नाही. कळपाचे पोषण ठरवायचे तर अंग, लेंड्या आणि चारा या तिन्ही ठिकाणी पाहावे लागते, आणि तेही वर्षानुवर्षे त्याच महिन्यांत.

आधी एक खुलासा. ममदापूरच्या सुमारे ५४ चौरस किलोमीटरच्या संवर्धन राखीव क्षेत्रात दिसते ते काळवीट. आपण त्याला हरीणच म्हणतो, पण शास्त्राच्या हिशेबाने ते कुरंग आहे. त्याची शिंगे पोकळ असतात आणि कायमची राहतात. सांबर, चितळ, भेकर ही खरी हरणे, त्यांची शिंगे गळतात आणि पुन्हा उगवतात. हा फरक तपासणीत उपयोगी पडतो. चितळाच्या नव्या शिंगांच्या जाडीवरून त्या हंगामातल्या पोषणाचा अंदाज बांधता येतो, काळविटाच्या शिंगांवरून तसा बांधता येत नाही. बाकी सगळे रवंथ करणारे प्राणी असल्यामुळे खाली दिलेली पद्धत दोघांनाही चालते.

काळवीट वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे. त्याला मारणे, पकडणे, पळवणे हा गुन्हा आहे. त्यामुळे ही सारी तपासणी लांबूनच करायची. राखीव क्षेत्रात निरीक्षणे घ्यायला आणि लेंड्या किंवा गवताचे नमुने उचलायला वनपरिक्षेत्र कार्यालयाची लेखी परवानगी आधी घ्यावी, आणि शक्य असेल तर बीटचा वनरक्षक सोबत असावा. कुठला कळप सकाळी कुठे बसतो हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक नसते.

कोणती खूण किती दिवसांची गोष्ट सांगते

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. डाव्या कुशीत, शेवटच्या बरगडीमागे आणि खुब्याच्या हाडापुढे एक तिकोनी खळगा असतो. पहिले पोट डाव्या बाजूला असल्यामुळे जनावर चरून आले की तो भरतो, रात्रभर रवंथ करून उठले की आत जातो. म्हणजे खळगा गेल्या काही तासांचे सांगतो. पाणी पिऊन आलेली मादी अर्ध्या तासात भरल्यासारखी दिसते, त्यात पोषणाचा काही संबंध नसतो.

लेंडी गेल्या दोन-तीन दिवसांच्या खाण्याचे सांगते. पुठ्ठ्यावरचे, म्हणजे शेपटीच्या बुडाभोवतीच्या भागावरचे मांस आणि चरबी गेल्या काही आठवड्यांचे, महिन्यांचे सांगते. दर शंभर माद्यांमागे किती पाडसे जगली, यातून गेला अख्खा हंगाम कळतो. या चार घड्याळांचे काटे वेगवेगळ्या वेगाने फिरतात. एकाकडे पाहून दुसऱ्याची वेळ सांगू नये.

केव्हा पाहायचे

वर्षातून किमान तीन वेळा. पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर, तेव्हा जनावर सर्वांत चांगल्या अंगात असते. दुसरी फेरी फेब्रुवारीत, रब्बी उभी असताना. तिसरी मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात. जमल्यास चौथी पहिल्या पावसानंतर दहा-पंधरा दिवसांनी करावी, कारण माळ हिरवा दिसू लागतो म्हणून सगळे निर्धास्त होतात आणि नेमकी तेव्हाच जनावरे सर्वांत अशक्त असतात. चरबी संपलेली, कोवळ्या गवतात पाणीच जास्त, आणि वर रात्रीचा गार पाऊस. अशक्त जनावर या पंधरवड्यात दगावते.

नराच्या अंगावरून कळपाचा निकाल लावू नये. माजाच्या दिवसांत, म्हणजे साधारण फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात, नर आपली जागा राखण्यात आणि दुसऱ्यांना हुसकावण्यात गुंततो, चरणे कमी होते आणि तो झपाट्याने उतरतो. चारा मुबलक असतानाही हे घडते. कळपाचा खरा आरसा म्हणजे प्रौढ मादी आणि एक वर्षाच्या आतबाहेरची पिल्ले.

अंगाची प्रत : मागून आणि बाजूने

लागणारे सामान थोडे आहे : ८×४२ किंवा १०×४२ ची दुर्बीण, टेकू, लांब भिंगाचा कॅमेरा असल्यास उत्तम, वही आणि घड्याळ. गाडीतून किंवा पाणवठ्याजवळच्या आडोशातून पाहावे. शंभर मीटरच्या आत जाण्याचा अट्टहास नको. जनावराने मान वर करून रोखून पाहिले की थांबायचे. कळप पळाला तर त्या दिवशीची मोजणी तिथेच संपली, कारण पळालेल्या कळपात तीच मादी दोनदा मोजली जाते, शिवाय मेच्या उन्हात पळवणे म्हणजे त्यांच्या अंगातली उरलीसुरली ताकद खर्च करायला लावणे.

उजेडाकडे लक्ष द्या. सूर्य क्षितिजाला टेकलेला असताना आडव्या उजेडात प्रत्येक बरगडीची सावली पडते आणि ठीकठाक जनावरही हाडांचा सापळा वाटते. सूर्योदयानंतर तासाभराने ते साडेनऊपर्यंतची वेळ चांगली. सूर्य पाहणाऱ्याच्या पाठीशी असावा. केस भिजलेले असताना प्रत, म्हणजे अंगाचा गुण, लावू नये.

आता पाणवठ्यावर खाली वाकलेल्या मादीकडे मागून बघा. शेपटीचे बूड, त्याच्या दोन्ही अंगांना बसण्याच्या हाडांची टोके आणि वर डावी-उजवी खुब्याची हाडे, एवढाच भाग नजरेत ठेवा. चांगल्या अंगाच्या मादीत ही हाडे जोडणारी रेष बाहेर फुगलेली किंवा सपाट असते. उतरत चाललेल्या मादीत ती आत वळते. अगदी खंगलेल्या मादीत शेपटीच्या दोन्ही बाजूंना मूठ बसेल असे खड्डे दिसतात आणि शेपूट काठीसारखी वेगळी उठून दिसते. कमरेवरची चरबी आधी जाते म्हणूनच इथे पाहायचे. बरगड्या फसवतात, कारण काळविटाची कातडी आणि केस पातळ असतात, त्यामुळे शेवटच्या दोन-तीन बरगड्या निरोगी जनावरातही अंधुक दिसतात.

प्रत १ ते ५ लावावी, मधे अर्धा गुण चालतो.

१ : पुठ्ठ्याला खोल खड्डे, खुब्याची हाडे टोकदार, कणा करवतीसारखा, सगळ्या बरगड्या मोजता येतात, मान आणि मांड्या बारीक.
२ : पुठ्ठा आत गेलेला, कण्याची धार दिसते, निम्म्याहून जास्त बरगड्या स्पष्ट.
३ : पुठ्ठा सपाट, हाडे कळतात पण कडा गोल, शेवटच्या दोन-तीन बरगड्या अंधुक.
४ : पुठ्ठा गोल, कणा दिसत नाही, बरगड्या झाकलेल्या.
५ : शेपटीच्या बुडाशी चरबीची गादी. मोकळ्या माळावर ही प्रत क्वचितच दिसते. वारंवार ५ लावावीशी वाटत असेल तर नजर तपासून घ्यावी.

गाभण मादीचे पोट खाली ओढले गेल्याने कंबर अधिकच हाडकुळी भासते. तिच्यात पोटाकडे पाहायचेच नाही, फक्त शेपटीच्या बुडाजवळचा भाग धरायचा. पाडसाला पाजणारी मादी वेगळ्या रकान्यात लिहावी. दुधावरची मादी अर्ध्या गुणाने खाली असणे स्वाभाविक आहे.

दोघांनी एकमेकांना न विचारता प्रत लावावी आणि मग वह्या ताडून पाहाव्यात. दहातल्या दोन-तीन माद्यांत अर्ध्या गुणाचा फरक चालतो. त्याहून जास्त येत असेल तर आधी फोटो समोर ठेवून नजर जुळवावी, मगच पुढे जावे. एका फेरीत किमान ३० प्रौढ माद्या हव्यात, आणि त्या एकाच कळपातल्या नकोत.

समजा मेमध्ये ३० माद्या पाहिल्या : ४ जणींना ३.५, ११ जणींना ३, ९ जणींना २.५, ५ जणींना २ आणि एकीला १.५. बेरीज ८१, सरासरी २.७. ही सरासरी ऐकायला बरी वाटते, पण खरी नजर ठेवायची ती २ किंवा त्याखालच्या माद्यांवर. इथे त्या ६ आहेत, म्हणजे २० टक्के. पुढच्या मेमध्ये सरासरी २.६ झाली आणि हे प्रमाण ३५ टक्क्यांवर गेले, तर कळपाचा खालचा थर ढासळतो आहे हे सरासरीने लपवले असते.

पाडसांची मोजणी याच फेरीत होते. जन्मल्यावर पहिले काही दिवस पाडस गवतात दडून बसते, आई फक्त पाजायला येते. म्हणून दोन महिन्यांपुढची, आईबरोबर कळपात चालणारी पाडसेच मोजावीत आणि शंभर प्रौढ माद्यांमागे किती, असे लिहावे. आकडा घसरला म्हणून लगेच चाऱ्याला दोष देऊ नका. गावकुत्री पाडसे मारतात, या माळावर लांडगाही आहे. माद्यांची प्रत चांगली आणि पाडसे कमी, तर कारण बहुधा पाडसे मारणारी कुत्री किंवा लांडगा. दोन्ही खाली, तर कारण पोटाचे.

लेंड्या : उचलण्याआधी जनावर पाहा

लेंडीच्या नमुन्यात सर्वांत मोठी चूक प्रयोगशाळेत होत नाही, माळावरच होते. काळवीट, शेळी आणि मेंढी यांच्या लेंड्या दिसायला जवळपास सारख्या. ज्या माळावर धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढ्यांचे तळ, उतरतात तिथे नुसत्या जमिनीवरून उचललेला नमुना धनगराच्या कळपाचा निघू शकतो. म्हणून दुर्बिणीतून मादीला लेंड्या टाकताना पाहायचे, जागेची खूण झुडपावरून किंवा दगडावरून पक्की करायची, कळप आपणहून पुढे गेला की जाऊन उचलायच्या.

दुसरी चूक ढिगाची. जागा राखणारा नर रोज एकाच ठिकाणी लेंड्या टाकतो, त्याचा मोठा ढीग होतो. तो ढीग सोयीचा वाटतो, पण पिशवीभर लेंड्या भरून आणल्या तरी त्या एकाच नराच्या असतात.

प्रत्येक फेरीला १५ ते २० वेगवेगळ्या माद्यांच्या ताज्या लेंड्या, प्रत्येकीच्या सहा-सात, कागदी पिशवीत घ्याव्यात. प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते. पिशवीवर तारीख, वेळ, जागा, मादी की नर, आणि गेल्या दोन दिवसांत पाऊस झाला का हे लिहावे. पावसाने धुतलेली लेंडी घेऊ नये, तिच्यातला नत्र वाहून गेलेला असतो. खालची काळी माती चिकटली असेल तर ती लेंडी टाकून द्यावी.

एक लेंडी हातमोजा घालून मोडून पाहा. आत बारीक, मऊ, हिरवट-काळा लगदा असेल तर पाला, शेंगा किंवा पीक पोटात जात आहे. काडीकाडीचा, फिकट पिवळसर, हातात चुरा होणारा गर असेल तर जनावर वाळल्या काडीवर जगत आहे. लेंड्या एकमेकींना चिकटून गोळा झालेल्या असणे पहिल्या पावसानंतर नेहमीचे आहे, कोवळ्या गवताने तसे होते. तेच मे महिन्यात दिसले तर मात्र आजार किंवा धान्य खाण्याची शंका घ्यावी.

नत्राच्या तपासणीसाठी नमुना ६० अंश सेल्सियसला ४८ तास वाळवून, दळून, पशुखाद्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत द्यावा. नत्राचा आकडा राख वजा करून, म्हणजे सेंद्रिय भागावर मागावा, नाहीतर चिकटलेल्या मातीने तो खाली येतो. लेंडीतला नत्र वाढला म्हणजे साधारणपणे खाण्यातली प्रथिने वाढली. अपवाद बाभूळवर्गातल्या पाल्याचा. त्यातले तुरट द्रव्य प्रथिनांना बांधून ठेवते, ती पचत नाहीत आणि लेंडीतून बाहेर पडतात. जनावराला काही मिळालेले नसते, तरी आकडा मात्र वर जातो. झुडपे खाण्याच्या दिवसांत लेंडीचा नत्र अंगाच्या प्रतीशी ताडल्याशिवाय वापरू नये.

जंतांसाठी वेगळा नमुना लागतो. तो वाळवायचा नाही, गोठवायचाही नाही, थंड डब्यात त्याच दिवशी पोचवायचा. ३ ग्रॅम लेंडी ४२ मिलिलिटर संपृक्त मिठाच्या पाण्यात घोळून, गाळून, मॅकमास्टर काचेच्या (अंडी मोजायच्या आखीव काचपट्टीच्या) दोन्ही कप्प्यांत भरतात. दोन्हींतल्या अंड्यांच्या बेरजेला ५० ने गुणले की एका ग्रॅममागची अंडी मिळतात. चारा पुरेसा असूनही माद्या उतरत असतील तर हा तपास आधी करावा. शेळ्या-मेंढ्यांबरोबर एकाच पाणवठ्यावर आणि एकाच कुरणात वावरणाऱ्या कळपात जंतांची देवाणघेवाण होतेच.

माळावर खरोखर काय शिल्लक आहे

१ मीटर × १ मीटरची लोखंडी किंवा बांबूची चौकट घ्या. माळावर सरळ रेषेत चालत दर ५० पावलांवर चौकट ठेवा, अशा २० जागा. चौकट आवडीच्या ठिकाणी टाकायची नाही, पाऊल जिथे थांबेल तिथेच. आतले खाण्याजोगे गवत जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर ठेवून विळ्याने कापा. तरवड, रुई, घाणेरी यांचा हिशेब नको. पवन्या, मारवेल, शेडा, हरळी ही चांगली गवते वेगळी ठेवा आणि कुसळी वेगळी. कुसळी कोवळी असताना जनावर खाते. कुसळे धरली की ती तोंडात रुततात, मग माळ गवताने भरलेला दिसूनही खायला फारसे काही नसते.

गवत वजन स्थिर होईपर्यंत वाळवून तोला. एका चौकटीचे सरासरी ग्रॅम × १० = हेक्टरी किलो. समजा सरासरी ६० ग्रॅम आले, तर हेक्टरी ६०० किलो. यातले निम्मे मुळांसाठी, बियांसाठी आणि मातीसाठी सोडायचे, उरले ३००. साधारण ३० किलोची मादी रोज वजनाच्या अडीच ते तीन टक्के, म्हणजे पाऊण ते ०.९ किलो वाळला चारा खाते, वर्षाला सुमारे ३०० किलो. म्हणजे हा हेक्टर एका काळविटाचा. आणि तेवढ्याच वजनाची मेंढीही तेवढेच खाते, म्हणून हिशेबात मेंढ्यांची संख्या आणि त्या किती दिवस चरतात हे धरल्याशिवाय काळविटांची वाटणी काढता येत नाही.

किती चारा आहे, याइतकेच तो कसा आहे हे महत्त्वाचे. गवतातली प्रथिने साधारण ७ टक्क्यांखाली गेली की पोटातले जिवाणू उपाशी राहतात, काडी कुजत नाही, पोट भरलेले राहते आणि जनावर भरल्या पोटी खंगते. दूध पाजणाऱ्या मादीला याच्या दीडपट ते दुप्पट प्रथिने लागतात. उन्हाळ्यात ही तूट बोर, हिवर, बाभूळ यांच्या पाल्या-शेंगांतून आणि शेतातल्या हरभऱ्यासारख्या पिकातून भरून निघते. म्हणून पीक नुकसानीच्या तक्रारींच्या तारखा वहीत चिकटवून ठेवाव्यात. एरवी फेब्रुवारीत सुरू होणाऱ्या तक्रारी डिसेंबरातच येऊ लागल्या, तर माळ लवकर संपला.

मेलेले जनावर सापडले तर

हात लावायचा नाही. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचे आणि कुत्री लांब ठेवायची. नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठलेले काळे रक्त आले असेल तर काळपुळीची शक्यता असते, असे शव उघडूच नये. पंचनामा आणि शवविच्छेदन वनविभाग आणि पशुवैद्यकीय अधिकारी करतात. त्यांना पोषणाच्या तीन नोंदी घेण्याची विनंती जरूर करावी. एरवी "विहिरीत पडून मृत्यू" एवढे लिहून कागद मिटतो आणि कळपाची एक अमोल माहिती जमिनीत पुरली जाते.

पहिली नोंद मूत्रपिंडाभोवतीच्या चरबीची. मूत्रपिंडाच्या दोन्ही टोकांशी चरबी सरळ कापून, चरबी आणि मूत्रपिंड वेगवेगळे तोलायचे. चरबी भागिले मूत्रपिंड गुणिले शंभर. मूत्रपिंड ६० ग्रॅम आणि चरबी १२ ग्रॅम असेल तर २० टक्के. दुसरी नोंद मांडीच्या हाडातल्या मज्जेची. हाड मधोमध फोडले की चांगल्या अंगाच्या जनावरात मज्जा पांढरी आणि मेणासारखी घट्ट निघते. उपासात ती गुलाबी होते, आणि शेवटी लाल, पाणचट, जेलीसारखी, बोटाने ढवळावी अशी. शरीर चरबी ठरावीक क्रमाने मोडते : आधी कातडीखालची आणि आतड्यांभोवतीची, मग मूत्रपिंडाची, सर्वांत शेवटी मज्जेची. म्हणून लाल मज्जा म्हणजे अंगातली चरबी संपल्याचा पक्का पुरावा आहे. पण मज्जा पांढरी म्हणजे जनावर धष्टपुष्ट होते असे नाही, शेवटची पुंजी अजून मोडली नव्हती इतकेच. पाडसाची मज्जा मुळातच लाल असते, तिथे ही खूण वापरू नये. शिवाय मे महिन्यात दिवसभर पडलेल्या शवाची मज्जा सुकून फसवते.

तिसरी नोंद पहिल्या पोटातल्या मालाची : गवत, पाला, धान्य, प्लॅस्टिक, आणि वास. मक्याने किंवा गव्हाने भरलेले, आंबूस वास मारणारे पोट आणि मागे पातळ हगवण, हा उपासमारीचा मृत्यू नव्हे.

तिन्ही एकत्र ठेवल्यावर

मेमध्ये प्रत २.५ च्या वर, लेंडी काडीची, चारा कमी : नेहमीचा उन्हाळा आहे, पाणवठे भरलेले ठेवा आणि लक्ष ठेवा. प्रत खाली आणि चारा भरपूर : जंत, पाण्याची तंगी, कुत्र्यांचा सततचा त्रास किंवा खुरकूत, पीपीआर असा शेळ्या-मेंढ्यांकडून आलेला रोग शोधा. नोव्हेंबरातच माद्या ३ च्या खाली : ही सगळ्यात गंभीर स्थिती, कारण पुढचे सात महिने काढायला त्यांच्याकडे साठाच नाही. तेव्हा जानेवारीच्या आत चराईबंदीचे पट्टे, पाणवठ्यांचे वेळापत्रक आणि कुरणातली वेडी बाभूळ व तरवड काढण्याचे काम वनविभागापुढे आकड्यांसह मांडावे. मेमध्ये मांडून उपयोग नाही, गवत पावसाशिवाय येत नाही.

आणि मका, गहू, भाकरी टाकू नका. महिनाभर काडी खाणाऱ्या जनावराच्या पोटातले जिवाणू काडीचे असतात. त्यावर एकदम पिठूळ धान्य पडले की पोटात आम्ल तयार होते, पोटाची हालचाल थांबते आणि दोन-तीन दिवसांत जनावर दगावते. जे सर्वांत भुकेले असते तेच सर्वांत जास्त खाते आणि तेच आधी मरते. शिवाय एका जागी टाकलेल्या चाऱ्यावर कळप, शेळ्या आणि कुत्री एकत्र येतात. दुष्काळात चारा द्यायचाच निर्णय वनविभागाने घेतला, तर तो त्याच माळावरचे कापून ठेवलेले वाळले गवत असावे, अनेक ठिकाणी पातळ पसरलेले, आणि ज्या दिवशी सुरू केले त्या दिवसापासून पहिल्या हिरवळीनंतर तीन आठवड्यांपर्यंत न थांबवता दिलेले. मधेच बंद केले तर कळप तिथेच वाट पाहत बसतो.